हवेतली तिपाई: बेताच्या खर्चात छायाचित्रणासाठी ड्रोन निवडताना

माझा पहिला ड्रोन साडेसहा हजारांचा होता आणि तो तिसऱ्याच दिवशी उसात गेला. खोक्यावर ‘४के कॅमेरा’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि त्या अक्षरांवरच मी भाळलो होतो. कराडजवळच्या एका शेताच्या बांधावरून तो उडवला, वीसेक मीटर वर गेल्यावर वाऱ्याची एक झुळूक आली आणि रिमोटची दांडी मी एका बाजूला ओढत असताना ड्रोन दुसऱ्याच बाजूला निवांत सरकत गेला. डोक्याहून उंच वाढलेल्या फडात, पानांच्या धारेने हात कापून घेत दोन तास शोधल्यावर तो सापडला. घरी येऊन कार्डातली छायाचित्रे संगणकावर पाहिली, तेव्हा प्रत्येकातले क्षितिज वेगळ्या बाजूला कललेले होते आणि उसाच्या पानांच्या जागी नुसता हिरवा चिखल दिसत होता. तो ड्रोन हरवला असता तरी फारसे नुकसान झाले नसते, हे त्या दिवशी लक्षात आले.

ड्रोन घेऊ पाहणारा माणूस बहुधा कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. मेगापिक्सेल किती, ४के आहे का, रात्रीचे छायाचित्र चांगले येते का, हे प्रश्न आपल्याला मोबाइल घेताना सवयीचे झालेले असतात. ड्रोनच्या बाबतीत मात्र हे प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. जमिनीवरचा कॅमेरा आपण हातात धरतो किंवा तिपाईवर लावतो. ड्रोन ही हवेत उभी राहणारी तिपाईच असते. तिपाई डगमगत असेल तर तिच्यावर कितीही भारी कॅमेरा ठेवला तरी उपयोग नाही. म्हणून बेताच्या पैशांत ड्रोन घेणाऱ्याने हे यंत्र हवेत एका जागी किती शांत उभे राहते, हे आधी पाहावे आणि कॅमेऱ्याची चौकशी त्यानंतर करावी.

हवेत उभे राहणे ही क्रिया दिसते तितकी सरळ नाही, कारण तिच्यात दोन वेगळी कामे दडलेली आहेत. पहिले काम समतल राहण्याचे. ड्रोनच्या पोटातले जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर हे दोन सेन्सर यंत्र किती आणि कोणत्या बाजूला कलले आहे हे सेकंदाला शेकडो वेळा मोजतात, आणि त्यानुसार चार मोटरींचा वेग कमीजास्त होत राहतो. हे सेन्सर आता इतके स्वस्त झाले आहेत की तीन हजारांच्या खेळण्यातही ते असतात. दुसरे काम जागेवर राहण्याचे, आणि तिथे स्वस्त यंत्राची पंचाईत होते. समतल असलेला ड्रोन वाऱ्याबरोबर तरंगत शंभर मीटर दूर गेला तरी त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते, कारण तो कललेला नसतो. आपण जागेवरून हललो आहोत हे कळण्यासाठी त्याला बाहेरची एखादी खूण लागते. ही खूण उपग्रहांकडून, म्हणजे जीपीएस आणि तत्सम यंत्रणांकडून, मिळते. जीपीएस असलेला ड्रोन आपले ठिकाण सतत तपासतो आणि वाऱ्याने ढकलले की स्वतःहून परत त्याच जागी येतो.

जीपीएस नसलेल्या काही स्वस्त ड्रोनांना पोटाखाली एक छोटा कॅमेरा दिलेला असतो. तो जमिनीवरचे ठिपके, गवत, फरशीची नक्षी पाहून यंत्र सरकले की नाही याचा अंदाज घेतो. विक्रेते याला ‘ऑप्टिकल फ्लो’ म्हणतात आणि घराच्या अंगणात त्याचे काम झकास चालते. काही मीटरांच्या वर गेले की मात्र जमिनीवरच्या खुणा पुसट होतात, आणि खाली तळ्याचे पाणी असेल तर त्याची पुरती फसगत होते, कारण पाण्यावरच्या लाटा सरकत असतात आणि यंत्राला वाटते की आपणच सरकलो. चांगल्या ड्रोनमध्ये हा कॅमेराही असतो, पण उतरताना मदतनीस म्हणून. खोक्यावर फक्त ‘ऑप्टिकल फ्लो’ लिहिलेले असेल आणि जीपीएसचा उल्लेख नसेल, तर छायाचित्रणासाठी ते यंत्र नको. मुलांना खेळायला आणि रिमोटचा हात बसवायला ते उत्तम आहे; मी स्वतः तो सल्ला अनेकांना दिलेला आहे.

मोटरीचेही तसेच आहे. स्वस्त ड्रोनात ब्रशवर घासत फिरणाऱ्या लहान मोटरी असतात; त्या झिजतात, तापतात आणि त्यांच्यात वाऱ्याशी झगडण्याइतका जोर नसतो. ब्रशलेस मोटर महाग असते, पण ती फारशी झिजत नाही आणि वेग झटक्यात बदलू शकते. वारा सोसण्याची ताकद उत्पादक बहुधा मीटर प्रतिसेकंदात सांगतात. डीजेआय कंपनीच्या २०१९ च्या माविक मिनीसाठी हा आकडा ८ होता, तर पुढच्या वर्षीच्या मिनी २ साठी १०.५. पहिला म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर आणि दुसरा ताशी ३८. या दोघांमधला फरक कागदावर किरकोळ वाटतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, विशेषतः कड्याच्या तोंडाशी, जिथे कोकणातून वर चढणारा वारा पावसाळ्यात धबधब्याचे पाणी उलटे फेकतो, तिथे मात्र ड्रोन परत येणार की नाही हे त्या फरकावर ठरते. शिवाय आपल्या कानाशी जाणवणारा वारा आणि शंभर मीटर वरचा वारा एक नसतो. वरचा बहुतेक वेळा जास्तच असतो.

वाऱ्यात जागेवर उभे राहायचे तर ड्रोनला वारा येतो त्या बाजूला कलावे लागते, जसा नदीच्या प्रवाहात उभा असलेला माणूस प्रवाहाच्या विरुद्ध रेलतो. यंत्र कलले की त्याला घट्ट बसवलेला कॅमेराही कलणार, आणि वाऱ्याचा जोर बदलला की तो पुन्हा वेगळ्या कोनात जाणार. यावरचा इलाज म्हणजे गिंबल. तीन छोट्या मोटरींवर टांगलेला कॅमेरा यंत्राच्या प्रत्येक हालचालीला उलट हालचालीने उत्तर देतो, त्यामुळे ड्रोन कसाही डोलला तरी कॅमेऱ्याचे क्षितिज सरळ राहते. बेताच्या ड्रोनमध्ये पैसे जर एखाद्या वस्तूवर खर्च व्हायला हवेत, तर ते या तीन अक्षांच्या गिंबलवर.

या ठिकाणी जाहिरातीतली भाषा नीट वाचावी लागते. ‘इलेक्ट्रिक ॲडजस्टेबल कॅमेरा’ म्हणजे गिंबल नव्हे. रिमोटवरून कॅमेरा फक्त वरखाली करता येतो, एवढाच त्याचा अर्थ. ‘इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन’ हाही गिंबल नव्हे. त्यात संगणक चित्राच्या कडा थोड्या कापून एकामागून एक येणाऱ्या चौकटी एकमेकींशी जुळवून घेतो आणि चलतचित्र स्थिर भासवतो. पण उजेड कमी असताना शटर जितका वेळ उघडे राहते तेवढ्यात कॅमेरा हलला, तर त्या एकाच चौकटीत चित्र फाकते, आणि फाकलेले चित्र नंतर कोणत्याही जुळवाजुळवीने नीट होत नाही. स्थिर छायाचित्र काढणाऱ्याला म्हणूनच इलेक्ट्रॉनिक उपायाचा फारसा उपयोग नसतो. तीन अक्षांचा गिंबल असलेला ड्रोन सूर्यास्तानंतरच्या मंद उजेडात, वारा पडलेला असेल तर, पाव सेकंदाच्या शटरलाही वापरण्याजोगे चित्र देऊ शकतो. खेळण्यातल्या ड्रोनकडून भर दुपारीही ही अपेक्षा धरता येत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. छायाचित्राचा दर्जा मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरच्या आकारावर जास्त अवलंबून असतो, कारण मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर कशात जास्त पाणी जमेल, इतकाच हा हिशेब आहे. लहान ड्रोनांमध्ये बराच काळ १/२.३ इंची म्हटला जाणारा सेन्सर वापरला गेला. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर भरते. २०२२ च्या मिनी ३ प्रोपासून १/१.३ इंची सेन्सर या लहान वर्गात आला, ज्याचे क्षेत्रफळ सुमारे अडीचपट आहे, आणि २०२५ च्या मिनी ५ प्रोमध्ये एक इंची म्हणवणारा, म्हणजे पहिल्याच्या चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर आला. भर उन्हातल्या चित्रांत या तिघांतला फरक शोधावा लागतो. पहाटेच्या धुक्यात, दिवेलागणीला किंवा अर्धे उन्हात आणि अर्धे सावलीत असलेल्या दरीत तो लगेच डोळ्यात भरतो.

मेगापिक्सेलचा हिशेब एकदा कागदावर मांडला की भीती जाते. १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र ४००० बाय ३००० ठिपक्यांचे असते. ते १६ बाय १२ इंचांच्या कागदावर छापले तर इंचाला २५० ठिपके मिळतात, आणि भिंतीवर लावून दोन हातांवरून पाहायला एवढे पुरेसे असते. ज्याला लग्नाच्या अल्बमसाठी, गावाच्या स्मरणिकेसाठी किंवा मोबाइलवर पाठवण्यासाठी छायाचित्रे हवी आहेत, त्याने ४८ मेगापिक्सेलसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. त्यापेक्षा कॅमेरा ‘रॉ’ प्रकारची फाइल देतो का, हे विचारावे. त्या फाइलमध्ये सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी राहते, त्यामुळे पांढरे पडलेले आकाश आणि काळवंडलेली दरी नंतर बरीचशी सावरता येते. आणि अगदी स्वस्त ड्रोनांवरच्या ‘४के’ या शब्दावर तर विश्वासच ठेवू नये. त्यांतल्या अनेकांत लहान चित्र ताणून मोठे केलेले असते. चित्राचे माप ४के भरते, पण तपशील वाढलेला नसतो.

उंचीबद्दलही एक गैरसमज आहे. जास्त उंच गेले की जास्त चांगले चित्र मिळते, असे नवशिक्याला वाटते. बहुतेक लहान ड्रोनांचे भिंग साधारण २४ मिलिमीटरच्या जातीचे, म्हणजे बऱ्यापैकी रुंद पाहणारे असते. अशा भिंगाने १२० मीटरवरून सरळ खाली पाहिले तर चौकटीत अंदाजे १७३ बाय १३० मीटर जमीन मावते. हा झाला सुमारे साडेपाच एकराचा तुकडा. १२ मेगापिक्सेलच्या चित्रात त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या साधारण सव्वाचार सेंटिमीटरांइतका होतो. त्या उंचीवरून बांध, विहीर, गोठा, बैलगाडी ओळखू येतात; माणूस नुसते डोके आणि सावली होऊन जातो. गावाचा आराखडा दाखवायला हे चांगले. ज्या छायाचित्रात माणसे, पालखी, खळ्यावरची रास दिसायला हवी, ते बहुधा २० ते ४० मीटरवरूनच निघते. उंचीचा आकडा मिरवण्यासाठी महाग यंत्र घेणे म्हणूनच व्यर्थ आहे, आणि १२० मीटर हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे, कारण कायद्याची मर्यादाही तीच आहे.

कायद्याचा विषय कंटाळवाणा वाटतो, पण कोणता ड्रोन परवडेल हे पुष्कळ अंशी तोच ठरवतो. भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम जाहीर झाले. त्यांनी ड्रोनचे वजनावरून वर्ग पाडले: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, आणि मग त्याहून मोठे. नॅनो ड्रोन उडवण्यासाठी पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, तृतीय पक्ष विम्याचे बंधन नाही आणि यंत्राच्या नमुन्याला सरकारी प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवताना पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. पण त्याच मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन लग्नाचे चित्रण केले की ते लागते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत शुल्क भरून प्रशिक्षण घ्यावे लागते. नोंदणी आणि तिच्यातून मिळणारा ओळख क्रमांक मात्र नॅनोलाही चुकत नाही. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बेताच्या खर्चात ड्रोन घेणाऱ्याने २५० ग्रॅमच्या आत राहावे असे मी सांगतो, त्याचे कारण यंत्राच्या किमतीत नसून या पुढच्या खर्चात आहे.

हे २५० ग्रॅम म्हणजे उडतानाचे एकूण वजन, खोक्यावर छापलेले नव्हे. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पंख्यांभोवतीचे संरक्षक कडे लावले, भिंगावर गडद फिल्टर चढवला किंवा जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी घातली की तो मायक्रो वर्गात जाऊ शकतो. मिनी ३ प्रोची मोठी बॅटरी घातल्यावर वजन २९० ग्रॅमच्या आसपास जाते. मिनी ५ प्रोचे वजन तर उत्पादकानेच २४९.९ ग्रॅम, चार ग्रॅम इकडेतिकडे, असे सांगितले आहे. म्हणजे एखादा नग काट्यावर २५० च्या वरही भरू शकतो. खरेदीनंतर बॅटरी, कार्ड आणि पंखे लावून ड्रोन एकदा सोनाराच्या काट्यावर ठेवावा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही चालेल.

या लेखात डीजेआयची उदाहरणे वारंवार येत आहेत, कारण या वर्गातल्या मापांचा पायंडा त्याच चिनी कंपनीने पाडला. परंतु भारतातल्या खरेदीदारासाठी त्यात मोठी मेख आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी परवानगीने अपवाद आहेत आणि सुटे भाग आणता येतात. तरीही हे ड्रोन बाजारात आडमार्गाने मिळतात, आणि परदेशातल्या किमती पाहून मोह होतो. मिनी ४के हा साधा, पण गिंबल आणि जीपीएस असलेला ड्रोन अमेरिकेत २०२४ मध्ये २९९ डॉलरना विकला जात होता. अशा यंत्राला इथे हमी मिळत नाही, नोंदणीत अडथळा येतो, आणि पोलिसांनी अडवले तर दाखवायला कागद नसतो. भारतात जुळवलेले किंवा बनवलेले नॅनो ड्रोन तेवढ्याच गुणांसाठी जास्त पैसे मागतात, हे खरे आहे. तरी पक्के बिल, नोंदणी करता येईल असा अनुक्रमांक आणि देशात मिळणारे सुटे पंखे व बॅटऱ्या यांची किंमत त्या फरकातून वजा केली, तर तो सौदा तोट्याचा राहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनवरचा वस्तू व सेवा कर सरसकट ५ टक्के झाला, त्याआधी तो १८ आणि २८ टक्क्यांपर्यंत होता. जुन्या किमतीत विकणाऱ्या दुकानदाराला हे जरूर विचारावे.

कुठे उडवता येईल, हा प्रश्न ड्रोन घेतल्यावर विचारण्यापेक्षा घेण्याआधी विचारलेला बरा. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटलेले आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, त्याच्या आत हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते आणि हद्दीच्या अगदी जवळचा भाग लाल असतो. पुण्यात विमाननगर किंवा खराडीत राहणाऱ्याला, मुंबईत कुर्ला किंवा विलेपार्ल्यात राहणाऱ्याला आपल्या गच्चीवरून ड्रोन उडवता येणार नाही. मुंबई पोलीस तर ड्रोनवर बंदी घालणारे आदेश वेळोवेळी काढत असतात आणि तेव्हा नकाशावरच्या रंगाला अर्थ उरत नाही. नवे विमानतळ सुरू होत आहेत, त्यामुळे नकाशा उड्डाणाच्या दिवशी सकाळीच पाहावा. आपल्या राहत्या घरापासून हिरवा भाग तासाभराच्या अंतरावर असेल, तर महिन्यातून किती वेळा जाणे होईल याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. काही जणांसाठी ड्रोन भाड्याने घेणे किंवा लग्नातल्या ड्रोनवाल्याला दोन तास बोलावणे हेच स्वस्त पडते.

आपल्याकडे ड्रोन घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात गडकोट असतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाल्यापासून ही हौस वाढली आहे. त्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. नकाशावर जागा हिरवी असली तरी संरक्षित स्मारकावर ड्रोन उडवायला त्या त्या खात्याची परवानगी लागते. हरिश्चंद्रगडासारखे गड अभयारण्यात येतात आणि तिथे वनखात्याकडे जावे लागते. गडावर उडवण्यात आणखी एक बारीक अडचण आहे. रिमोटवर दिसणारी उंची ही जिथून उड्डाण केले त्या जागेपासूनची असते, पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. माथ्यावरून ३० मीटर वर घेतलेला ड्रोन कड्याच्या पलीकडे नेला की त्याच्याखाली जमीन शेकडो मीटर खोल असते, आणि पडद्यावर ३० दिसत असतानाच ४०० फुटांची मर्यादा ओलांडलेली असते. उलट पायथ्याच्या गावातून उडवले तर दुसरा धोका असतो. संपर्क तुटल्यावर ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर चढून सरळ रेषेत घरी, म्हणजे उड्डाणाच्या जागी, येतो. ती उंची ४० मीटर ठेवलेली असेल आणि मध्ये ९० मीटरची टेकडी असेल, तर तो टेकडीवर जाऊन आपटतो. बेताच्या ड्रोनांत पुढचा अडथळा ओळखणारे सेन्सर बहुधा नसतात. ते असावेत म्हणून बजेट ताणण्यापेक्षा प्रत्येक उड्डाणाआधी ही परतीची उंची तपासून बदलण्याची सवय लावावी.

बॅटरीबद्दल उत्पादक जे सांगतात ते खोटे नसते, पण ते प्रयोगशाळेतले असते. मिनी २ साठी सांगितलेली ३१ मिनिटे वारा नसताना, ताशी १७ किलोमीटरच्या वेगाने सरळ जाताना मोजलेली होती. प्रत्यक्षात वाऱ्यात, थांबत, कोन बदलत उडवले आणि शिल्लक २५ टक्क्यांवर परत फिरले, तर २० मिनिटे हाती लागतात. गावच्या जत्रेत पालखी देवळातून निघून चौकात येईपर्यंतच त्यातली निम्मी संपतात. एका बॅटरीचा ड्रोन घेणारा माणूस पहिल्या महिन्यात दुसरी बॅटरी घेतोच, तेव्हा तिची किंमत आधीच हिशेबात धरावी. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि येताना वाऱ्यासोबत यावे, म्हणजे बॅटरी उतरत असताना घराकडची वाट सोपी राहते. घरी ठेवताना या लिथियम बॅटऱ्या निम्म्या भरलेल्या ठेवाव्यात. पूर्ण भरून महिनाभर कपाटात ठेवलेली बॅटरी लवकर फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा लावू नये. विमानप्रवासात त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. मिलिअँपिअर-तास आणि व्होल्ट यांचा गुणाकार करून हजाराने भागले की वॉट-तास निघतात; लहान ड्रोनची बॅटरी १७-१८ वॉट-तासांची असते आणि मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे तिथे अडचण येत नाही.

दहा किलोमीटरवरून चित्र दिसते, या दाव्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. आपल्या नियमांनुसार ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असतो आणि तळहाताएवढे करडे यंत्र तीन-चारशे मीटरवर आभाळात दिसेनासे होते. मात्र संपर्काची जात पाहावी. साध्या वाय-फायवर चालणारे ड्रोन वस्तीत, जिथे घराघरांत वाय-फाय आहे, शंभर मीटरवरच चित्र अडखळत दाखवू लागतात. स्वतंत्र रिमोट आणि स्वतःची संपर्कप्रणाली असलेले ड्रोन तिथेही ठीक चालतात.

समजा, हाती एकूण साठ हजार रुपये आहेत. तर साठ हजारांचा ड्रोन घेऊ नये. पंचेचाळीसच्या आसपासचा घ्यावा आणि उरलेल्यातून जादा बॅटरी, पंख्यांचे दोन संच, वेगाने लिहिणारे चांगल्या कंपनीचे मेमरी कार्ड आणि एक कडक डबी घ्यावी. पंखे या यादीत लहान वाटतात, पण कडेला नखाएवढा चरा पडलेला पंखाही थरथर निर्माण करतो आणि ती थरथर गिंबलला पार करून चित्रात उतरते. हाती तीसच हजार असतील आणि तेवढ्यात गिंबल आणि जीपीएस दोन्ही असलेले, कागदपत्रांसह मिळणारे यंत्र दिसत नसेल, तर मधले काहीतरी घेऊन समाधान मानण्यापेक्षा वापरलेला ड्रोन पाहावा. त्यात आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून यंत्र मोकळे केले आहे का, हे आधी तपासावे, कारण ते केलेले नसेल तर नव्या मालकाला ते चालूच करता येत नाही. मग नोंदणीची कागदपत्रे आणि हस्तांतरण, बॅटरी किती वेळा भरली गेली याचा ॲपमधला आकडा, आणि चालू करताच गिंबल एकदा चारी बाजूंना फिरून शांत होतो की कण्हतो, हे पाहावे.

गावात उडवण्यापूर्वी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना सांगणे हा शिष्टाचार आता गरजेचा झाला आहे. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत रात्री दिसणाऱ्या ड्रोनांच्या चर्चेने लोक धास्तावून रात्रीची गस्त घालू लागले होते. तेव्हापासून आकाशात भुणभुण ऐकू आली की लोक आधी विचारतात आणि मग ऐकतात. घारी तर विचारतही नाहीत. विणीच्या काळात त्या सरळ झडप घालतात. संक्रांतीच्या आठवड्यात मांजामुळे शहराजवळ उडवू नये, आणि कातळकड्याला आग्या मोहोळ लटकलेले असेल तर ड्रोन तिकडे नेऊच नये, कारण चिडलेल्या माश्यांचा राग खाली उभ्या असलेल्या माणसांवर निघतो.

ड्रोन घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करावी. मोकळ्या मैदानात, लोखंडी कठडे आणि गाड्यांपासून दूर, पुरेसे उपग्रह मिळाल्याची खूण येईपर्यंत थांबून ड्रोन ३० मीटर वर न्यावा आणि रिमोटवरून दोन्ही हात काढून घ्यावेत. दोन मिनिटांत तो किती सरकतो ते खालच्या एखाद्या झाडाशी ताडून पाहावे. दिवेलागणीला तिथूनच दहा छायाचित्रे काढून ती संगणकावर पूर्ण मापात उघडावीत आणि विजेच्या तारा, कौलांच्या रांगा, क्षितिज या सरळ रेषा पाहाव्यात. दहापैकी आठ चित्रांत तार एकेरी दिसत असेल तर ड्रोन ठेवावा; सगळ्यांतच ती दुहेरी दिसत असेल किंवा क्षितिज एकाच बाजूला कललेले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच बिल घेऊन दुकान गाठावे.